चंचीतल्या गोळ्या

माझ्या सासूबाईंना गोळी देण्याचं काम माझं होतं, आणि ते मी चोख करते असा मला माज होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते ऐकून कोणी मला बिचारी समजू नये.

रोज सकाळी आठ वाजता, पोटात दोन घास गेले की मी पांढरी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा गडवा हातात द्यायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बरोबरची खूण करायची. पार्बताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गोळी तोंडात टाकत, पाणी पीत आणि मग कमरेच्या चंचीतून सुपारीचं खांड काढून गालात धरत. त्यांना चौदा वर्षांपासून ल्युपस आहे. म्हणजे अंगाची राखण करणारी ताकदच अंगावर उलटते. सांधे धरतात, ताप येतो, उन्हात गेलं की चेहऱ्यावर चट्टे उठतात. आणि बाई राहणार कुठे, तर चांदूर बाजारच्या पलीकडे, संत्र्याच्या बागेत आणि झेंडूच्या वावरात. उन्हात जाऊ नका म्हणणाऱ्या डॉक्टरला त्यांनी एकदा सरळ विचारलं होतं, "मंग झेंडू काय सावलीत लावू?"

डाव्या कानशिलावर, डोळ्याच्या बाजूला त्यांचा एक जुना चट्टा होता. त्यावर या उन्हाळ्यात फोड आला, फुटला आणि भरेचना. खपली धरायची, निघायची, रक्त यायचं. आम्ही हळद लावली, मलम लावलं, तीन महिने वाया घालवले. शेवटी त्यांचं ल्युपस बघणाऱ्या अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. चामडीचा कॅन्सर निघाला.

"काढला की बरा होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डोळ्याच्या कोपऱ्यापासून बोटभरच लांब आहे. उशीर झाला तर डोळा जाईल, आणि गोष्ट डोळ्यावर थांबणार नाही."

मग त्यांनी गोळ्यांचं समजावलं. गोळ्या दोन होत्या. पिवळी गोळी अंगाची ताकद दाबून ठेवायची, आणि ती दबली की कॅन्सरला रान मोकळं मिळतं, म्हणून ती बंद. पांढरी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. "हे स्टेरॉईड आहे. शरीर ते आतल्या आत बनवतं. पण यांना चौदा वर्षं बाहेरून मिळतंय, म्हणून आतलं बनवणं बंद पडलंय. गोळी एकदम थांबवली तर बीपी कोसळतं. ऑपरेशनच्या टेबलावर तसं झालं तर माणूस हातचा जातो." त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या आणि मी शहाण्यासारखी मान डोलवत होते. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, यांचं लक्षच नाही.

ऑपरेशन अकोल्याला ठरलं. तिथले सर्जन भले माणूस, पण बोलणं घाईचं. त्यांनी सासूबाईंच्या देखतच सांगितलं, "गाठ काढली की जागा उघडी पडेल. मानेजवळची कातडी सरकवून तिथे बसवू. स्टेरॉईडवाल्या पेशंटची जखम लवकर भरत नाही, दोन-तीन महिने धरून चाला." तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची, मंगळवारची.

शेवटच्या आठवड्यात सासूबाई गळून गेल्या. उठताना भिंत धरायच्या, जेवणावरची वासना उडाली. मला वाटलं, भ्यायल्या. सोमवारी अकोल्याला जाताना मूर्तिजापूरच्या अलीकडे बसमध्ये त्यांना ओकारी झाली. मी प्लास्टिकची पिशवी धरून त्यांच्यावरच चिडले.

"आई, आतापासूनच आंग टाकून देलं त कसं होईन?"

"काही नाही वो. बस लागली."

त्यांना जन्मात कधी बस लागली नव्हती. शेंदूरजनाघाटच्या माहेरी जाताना घाटाच्या वळणांवर त्या भजी खातात. हे मला तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

मंगळवारी सकाळी सहाला मी त्यांना घोटभर पाण्यासोबत पांढरी गोळी दिली. तेवढीच परवानगी होती. साडेनऊला जयवंता सिस्टरनं त्यांचं मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरवून माझ्या हातात दिल्या. कमरेची चंचीही सोडली. "ह्याच्यात तंबाखू हाय का पाहून घ्या बरं," ती म्हणाली, "भुलीच्या मॅडम इचारतात." आणि ढकलगाडी आतल्या खोलीत गेली.

मी चंचीचे पदर उलगडले. सुपारी होती, कात होता, आणि सगळ्यात आतल्या खणात फडक्याच्या एका चिंधीत काहीतरी बांधलं होतं. गाठ सोडली तर आठ पांढऱ्या गोळ्या. अर्धवट विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, सुपारीचा भुगा लागलेल्या. सगळ्यात वरची अजून ओली होती.

सुपारी धरायच्या गालात बाईनं गोळी धरली होती आणि माझी पाठ वळली की काढून ठेवली होती. आणि मी आठ दिवस कॅलेंडरवर खुणा करत बसले होते.

चंदन, माझा नवरा, फॉर्मवर सह्या करून तेवढ्यात आला. मी चिंधी त्याच्यासमोर धरली. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याचा चेहरा उतरला, पण तो जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं.

"आता बोलू नको."

"काय?"

"आता सांगतलं त आजचं ऑपरेशन रद्द करतीन. मंग कधीची तारीख देतीन काय माहीत. गाठ पाह्यली ना तू? या तीन आठवड्यात डोयाकडे सरकली ते. आखीन थांबलो त डोया जाईन तिचा."

"अन् आत बीपी पडलं त?"

"आठ दिवस नाही घेतली तरी चालून राहिली ना ते? काही होत नाही. तू गप राह्य."

चंदन वाईट नाही. आईच्या कानशिलाची पट्टी तो रोज स्वतःच्या हातानं बदलतो. त्याचं भ्यावही खोटं नव्हतं. गाठ खरंच सरकली होती. आणि खरं सांगते, मीही क्षणभर थांबले. आत जाऊन सांगायचं म्हणजे गोळी देणारी मी, आणि ती पोटात गेली का नाही हे न बघणारीही मीच, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. सासूच्या जिवाचा प्रश्न असताना मला माझ्या अब्रूची काळजी पडली होती. मग आतून मशीनचा टूं टूं असा आवाज यायला लागला आणि मी चंदनचा हात झटकून दार ढकललं.

"कोण ते? बाहेर व्हा!" भुलीच्या मॅडम ओरडल्या. त्या सासूबाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून मशीनकडे बघत होत्या.

"मॅडम, यांनी गोळ्या नाही घेतल्या. स्टेरॉईडच्या."

सासूबाईंनी मान वळवली. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच होती. "घेतल्या मी. हे भेली हाय, काहीबाही बोलून राहिली."

"आई, खोटं नका बोलू."

"घेतल्या म्हणलं ना!"

मी तळहात उघडला. मॅडमनी चिंधीकडे पाहिलं, मग मशीनकडे. वरचा आकडा पंच्याऐंशी होता.

"मला वाटत होतं उपाशी आहेत म्हणून कमी आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पाच मिनिटांत मी भूल देणार होते." मग एकदम त्यांचा आवाज चढला. इंजेक्शन मागवलं, सलाईन मोकळं सोडायला लावलं, सर्जनला बोलावणं पाठवलं. हे सगळं चालू असताना त्यांनी मला विचारलं, "गोळ्या कोण देतं?"

"मी."

"गिळताना बघत होता?"

"नाही," मी म्हणाले. एवढा एकच शब्द बोलायला मला फार जड गेलं.

सर्जन आले, चिडले, हातमोजे काढून डब्यात टाकले आणि आज नाही म्हणून निघून गेले. अर्ध्या तासानं सासूबाईंच्या ओठांवर जरा रंग आला. मॅडम स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

"आजी, का असं केलंत? अमरावतीच्या डॉक्टरनी सांगितलं नव्हतं?"

"सांगतलं ना. म्हणूनच केलं." सासूबाई छताकडे बघत बोलायला लागल्या. "त्या बाई म्हणल्या, बाहेरून भेटते म्हणून आंग आतलं बनवणं भुललं. मंग त्याले ताण द्या लागन का नाही? झाडाले पाणी चालूच ठेवलं त नुसता पाला येते. पाणी तोडलं, पानं गयाली लागली, का झाड भेते, अन् मंग कसा बहार धरते! मी म्हणलं, आठ दिवस तोडून पाहू. आंग आपोआप सुरू होईन."

संत्र्याला बहार यावा म्हणून आमच्याकडे महिना-दीड महिना पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. पाणी कोणत्या दिवशी तोडायचं आणि कोणत्या दिवशी सोडायचं, हे आमच्या बागेत माझे सासरे नाही, सासूबाई ठरवतात. आणि त्यांचा अंदाज आजवर चुकला नव्हता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आमच्यात सगळ्यात नीट त्यांनीच ऐकलं होतं. म्हणूनच मला त्यांच्यावर रागावताही येईना.

मॅडम हसल्या नाहीत. त्याही वरूडकडच्या, संत्र्याच्या पट्ट्यातल्याच निघाल्या. "आजी, मर रोग लागलेल्या झाडाला देता का ताण?"

सासूबाईंनी छतावरची नजर काढून मॅडमकडे पाहिलं.

"नाही," मग त्या म्हणाल्या. "ते वायते."

ऑपरेशन शनिवारवर गेलं. तोवर तिथेच वॉर्डात ठेवायचं, पांढरी गोळी वाढवून द्यायची. पिवळी तर आधीच बंद होती, त्यामुळे ल्युपसनं डोकं वर काढलं. बुधवारी ताप आला. गुरुवारी बोटं एवढी सुजली की त्यांना पेला धरता येईना. मॅडम रोज येऊन बघून जायच्या, आणि दर वेळी त्यांचा चेहरा मागच्या वेळेपेक्षा गंभीर. "अंग इतकं पेटलेलं असताना कापणं धोक्याचं," त्या म्हणाल्या, "आणि न कापणंही. गाठ थांबायला तयार नाही." चंदन दर तासाला आईच्या कानशिलाकडे बघायचा, जणू गाठ त्याच्या डोळ्यांदेखत वाढत होती. माझ्याशी तो कामापुरतंच बोलत होता.

सासूबाई तर तेवढंही बोलत नव्हत्या. बुधवारी सकाळी मी गोळी दिली आणि म्हटलं, "आई, तोंड उघडा."

"मी का लेकरू हाय?"

"लेकरू बरं. त्याले लपवता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी माघार घेतली असती. मग तोंड उघडलं. गोळी गेली होती. पण टाळूवर, गालांच्या आत, जिभेखाली लालभडक फोड होते. मला माहीतच नव्हतं. माझ्या हातची झणझणीत भाजी त्या या तोंडानं खात होत्या.

"हे दुखत नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि तोंड मिटलं.

गुरुवारी दुपारी चंदन डबा आणायला गेला होता. त्या एकदम म्हणाल्या, "पह्यली तारीख जवळ आली."

पहिल्या तारखेला मला अमरावतीच्या एका शाळेत क्लार्क म्हणून हजर व्हायचं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मला नोकरी लागली होती. मी म्हटलं, "राहू द्या ते. पाहू."

"काहून राहू द्या? तूच त म्हणली."

"काय म्हणली?"

"रागिणीले, फोनवर. म्हातारीची जखम भरत नाही तवलोक मी इथीच सडतो, असं म्हणली. मी विहिरीच्या मोटरीपाशी उभी होती."

रागिणी माझी बहीण. मी तिला हे म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. अकोल्याच्या सर्जननी दोन-तीन महिने सांगितले त्याच संध्याकाळी. माझं डोकं तापलं होतं. माझं तोंड असंच आहे, चालू झालं की मागचंपुढचं बघत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला पाहिजे होती, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर, "मंग मले इचाराचं होतं ना! गोया फेकाले कोणी सांगतलं होतं?"

"तुले इचारलं असतं त तू म्हणली असती, नाही आई, मी असंच बोलली." त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मले लवकर भराले पायजे होती जखम. बस."

मी जिन्याच्या वळणावर जाऊन रडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, हिच्या घरचं कोणी गेलं.

शनिवारी सकाळी आठला त्यांना आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. एका बाकावर मी, दुसऱ्यावर चंदन. घरून सासरे दर पंधरा मिनिटांनी फोन करत होते. चंदन उचलायचा, "सुरू हाय" म्हणायचा, ठेवायचा. सव्वादहाच्या सुमारास जयवंता सिस्टर धावत बाहेर आली, कपाटातून काहीतरी घेऊन धावत आत गेली. चंदन उठून दारापाशी गेला आणि काचेला कपाळ लावून उभा राहिला. आत काही दिसत नव्हतं, पडदा होता. मला त्या मिनिटाला वाटलं की चंदनचं बरोबर होतं, मंगळवारीच होऊ द्यायला पाहिजे होतं, हे चार दिवस मी वाढवले, आता काही झालं तर ते माझ्यामुळेच. देवाचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

अकराला दिवा विझला. सर्जन बाहेर आले. "निघाली गाठ. डोळा वाचला. कडा तपासायला पाठवल्यात." ते पुढे गेले आणि मागून भुलीच्या मॅडम आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मध्ये बीपी घसरलं एकदा. औषध जवळ होतं, तयारी होती, म्हणून सावरलं. मंगळवारी मी बेसावध होते. मंगळवारी त्यांना परत आणता आलं नसतं."

त्या गेल्या. चंदन भिंतीला टेकून खाली बसला, गुडघ्यात डोकं घातलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. "मी तुले गप राह्य म्हणलं होतं," तो परत परत म्हणत होता. "गीता, मी तुले गप राह्य म्हणलं होतं." मी त्याच्याजवळ फरशीवर बसले. मीही थांबले होतेच की एक क्षण, पण ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. कडा साफ होत्या, कॅन्सर सगळा निघाला होता. सर्जन राऊंडला आले ते खुशीत होते. सोबत दोन शिकाऊ डॉक्टर. सासूबाईंचं अर्धं डोकं पट्टीत होतं, उजवा डोळा तेवढा उघडा. सर्जननी पट्टी उचलून टाके पाहिले.

"छान आहे, आजी. दुखतं का?"

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. नऊ वर्षं मी ऐकत आले होते, कोणत्याही डॉक्टरनं, कधीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच, नाही. मी औषधांची चिठ्ठी काढायला पिशवीत हात घातला.

"मले नका इचारू," सासूबाई म्हणाल्या.

सर्जन थांबले.

"मले खोटं बोलाची सवय हाय." सुजलेला हात चादरीवरून जरासा उचलून त्यांनी माझ्याकडे केला. "हिले इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतला हात बाहेर काढला.

"दुखतं, डॉक्टर," मी म्हणाले. "खूप दुखतं त्यांना. टाके ओढतात, मान वळवता येत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. बोटं मिटत नाहीत. तोंडात सगळीकडे फोड आहेत, घास गिळताना डोळ्यात पाणी येतं. कधीपासून आहेत माहीत नाही, त्या सांगत नाहीत."

मला वाटलं, आता म्हणतील, काहीबाही बोलून राहिली. पण उघड्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे चाललं होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. सर्जननी शिकाऊ डॉक्टरला लिहून घ्यायला सांगितलं आणि मला विचारलं, "आणखी काही?"

"नाही, एवढंच," मी म्हणाले.

"गुडघे राह्यले," सासूबाई म्हणाल्या.